‘कार्य पार पडू द्या, मग बोला!’

(सार्वजनिक सोहळे, पोलीस बंदोबस्त आणि बायकांची निदर्शने या विषयावर कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यातल्या प्रत्येकीने एक वाक्य कधी ना कधी ऐकलेले आहे. घरात लग्न असो, मुंज असो, नाहीतर गावची जत्रा असो. बाईने आपले गाऱ्हाणे मांडायला तोंड उघडले की सासू, जाऊ, कधीकधी आईसुद्धा म्हणते, “कार्य पार पडू दे, मग काय ते बोल. चार लोकांत शोभा नको.” दिराच्या लग्नाच्या मांडवात सुनेने नवऱ्याच्या मारहाणीविषयी चकार शब्द काढला, तर घराण्याची अब्रू मारणाऱ्याने घालवली असे कोणी म्हणत नाही. बोलणारीने घालवली, असेच म्हणतात. आणि ज्या ‘मग’ची वाट पाहायला सांगतात तो ‘मग’ काही उगवत नाही. पाहुणे गेले, मांडव उतरला, की तिचे ऐकायला कोणाला वेळ असतो?

राज्यसंस्थेचेही कार्य असते. राज्याभिषेक, उद्‌घाटन, शपथविधी, मोठ्या पाहुण्यांचा दौरा. तिथेही मांडव पडतो, रांगोळ्या घातल्या जातात, झोपडपट्ट्यांपुढे पडदे लागतात. आणि तिथेही ज्यांचे काही दुखते आहे त्यांना “कार्य पार पडेपर्यंत” आत ठेवले जाते. फरक इतकाच की घरात ‘आत’ म्हणजे माजघर आणि इथे ‘आत’ म्हणजे पोलीस ठाणे. या ‘कार्य पार पडेपर्यंत’च्या कायद्याविषयी मी आज बोलणार आहे.

एकाच महिन्यातल्या दोन राजधान्यांतल्या दोन घटना घेऊ. महिना मे २०२३.

दिल्ली, २८ मे २०२३

आपल्या महिला कुस्तीगिरांचे आंदोलन तुम्हाला माहीत आहे, तरी तारखा पुन्हा सांगते, कारण तारखाच बोलतात. भारतीय कुस्ती महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष आणि सत्ताधारी पक्षाचे खासदार ब्रिजभूषण शरण सिंह यांच्यावर लैंगिक छळाचा आरोप करून कुस्तीगीर १८ जानेवारी २०२३ रोजी जंतरमंतरवर बसले. चौकशी समिती नेमली म्हणून उठले. काही हाती लागले नाही, म्हणून २३ एप्रिलला पुन्हा बसले. सात जणींनी पोलिसांत तक्रार दिली होती, त्यांत एक अल्पवयीन होती. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ सालीच सांगून ठेवले आहे. तरीही या मुलींना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. तक्रार २१ एप्रिलची, गुन्हा नोंदला २८ एप्रिलला.

याच सुमारास भारतीय ऑलिंपिक संघटनेच्या अध्यक्षा पी. टी. उषा म्हणाल्या, की रस्त्यावर बसल्याने देशाची प्रतिमा मलिन होते. त्या स्वतः मोठ्या खेळाडू, स्वतः बाई. मांडवातली सासू आठवली ना? पुढे त्या जंतरमंतरवर मुलींना भेटून आल्या, हेही सांगायला हवे.

२८ मे रोजी नव्या संसद भवनाचे उद्‌घाटन ठरले. कुस्तीगिरांनी त्याच दिवशी त्या इमारतीसमोर ‘महिला सन्मान महापंचायत’ भरवायचे जाहीर केले. परवानगी मिळाली नाही. हरियाणा, उत्तर प्रदेशातून येणाऱ्या शेतकऱ्यांना, बायकांना दिल्लीच्या सीमेवर अडवले. सकाळी आत समारंभ चालू होता आणि बाहेर विनेश फोगाट, साक्षी मलिक, संगीता फोगाट, बजरंग पुनिया अडथळे ओलांडून पुढे निघाले, तेव्हा त्यांना धरून, फरफटत बसमध्ये घातले. ज्यांनी देशाला पदके आणली त्यांच्या हातातला तिरंगा रस्त्यावर पडलेला आपण सगळ्यांनी फोटोत पाहिला. पोलिसांच्याच आकड्याप्रमाणे जंतरमंतरवर १०९ आणि सगळ्या दिल्लीत सुमारे ७०० माणसे ताब्यात घेतली. त्यांना वेगवेगळ्या ठाण्यांत नेले. बायकांना संध्याकाळी सोडले, बजरंगला रात्री. तोवर पाठीमागे जंतरमंतरवरचे तंबू, गाद्या, पंखे, सगळे उचलून नेलेले होते. सोहळ्याच्या एका दिवसाच्या निमित्ताने महिन्याभराचे धरणे मोडून टाकले आणि यापुढे त्या जागी बसू देणार नाही असे पोलिसांनी जाहीर केले.

आता दोन गुन्ह्यांची तुलना करा. छळाच्या तक्रारीवर गुन्हा नोंदायला सात दिवस आणि सर्वोच्च न्यायालय लागले. निदर्शकांवर दंगल, सरकारी कामात अडथळा वगैरे कलमांखाली गुन्हा त्याच दिवशी नोंदला गेला. पोलीस यंत्रणा मंद असते असे आपण म्हणतो. ती मंद नसते. कोणासाठी धावायचे हे तिला ठाऊक असते.

आणखी एक गोष्ट. बसमध्ये विनेश आणि संगीता यांचा काढलेला एक फोटो यंत्राने बदलून, त्या हसत आहेत असा करून देशभर फिरवला गेला. म्हणजे फरफटत नेले ते पुरे नाही, वर ‘यांना काही दुःख नाही, हे नाटक आहे’ असे दाखवायचे. बलात्काराच्या खटल्यात “ही रडत कशी नव्हती?” असे विचारतात, त्याच जातीचा हा प्रकार.

पुढे काय झाले? १५ जून २०२३ रोजी आरोपपत्र दाखल झाले. मे २०२४ मध्ये न्यायालयाने आरोप निश्चित केले. आरोपीने ते नाकारले आहेत. अल्पवयीन मुलीच्या बाबतीतला खटला, तिने व वडिलांनी तक्रार मागे घेतल्यावर, मे २०२५ मध्ये बंद झाला. निकाल काय लागायचा तो लागेल. पण न्यायालयाला ज्या तक्रारीत खटला चालवण्याजोगे काही दिसले, ती तक्रार घेऊन आलेल्या बायका २८ मे रोजी केवळ ‘सोहळ्यातला अडथळा’ होत्या. आणि त्याच नव्या इमारतीत सप्टेंबर २०२३ मध्ये पहिले विधेयक मांडले गेले ते महिला आरक्षणाचे. त्याचे नाव ‘नारी शक्ती वंदन’. दारात नारीला फरफटायचे आणि आत तिला वंदन करायचे!

लंडन, ६ मे २०२३

कोणी म्हणेल, हे आपल्याकडेच होते, लोकशाहीची आई म्हणवणाऱ्या इंग्लंडात असे नसते. तर आता बावीस दिवस मागे जाऊ. राजे तिसरे चार्ल्स यांचा राज्याभिषेक. त्याच्या चार दिवस आधी, २ मे रोजी, निदर्शनांवर नवे निर्बंध घालणाऱ्या सार्वजनिक सुव्यवस्था कायद्यावर राजाच्या संमतीची मोहोर उठली. स्वतःला साखळीने, कुलपाने जखडून घेणे हा तर गुन्हा झालाच, पण तशा वापरासाठी साहित्य जवळ बाळगणे हाही गुन्हा झाला. ३ मेपासून ही कलमे लागू.

६ मेच्या सकाळी ‘रिपब्लिक’ या राजेशाहीविरोधी संघटनेचे प्रमुख ग्रॅहम स्मिथ आणि त्यांचे पाच सहकारी ट्रॅफल्गार चौकाजवळ गाडीतून फलक उतरवत होते. निदर्शनांविषयी पोलिसांशी त्यांचे महिनोन्‌महिने बोलणे झालेले होते. तरी त्यांना धरले. कारण काय? फलकांचे गठ्ठे बांधायचे पट्टे सापडले, त्यांनी हे लोक स्वतःला जखडून घेतील असा संशय! सोळा तासांनी सोडले. तोवर मुकुट डोक्यावर चढून, मिरवणूक होऊन, राजेसाहेब घरी जाऊन झोपायची वेळ झाली होती. दोन दिवसांनी पोलिसांनी कळवले की कारवाई काही होणार नाही, आणि खेद वाटतो. त्या दिवशी लंडनमध्ये पोलिसांनी केलेल्या अटका होत्या ६४.

पण आपल्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट त्याच दिवशी पहाटे दोनच्या सुमारास सोहो भागात घडली होती. तिथल्या वेस्टमिन्स्टर नगरपालिकेचा ‘नाइट स्टार्स’ नावाचा उपक्रम आहे. स्वयंसेवक रात्री रस्त्यावर फिरतात, उशिरा घरी जाणाऱ्या बायकांना मदत करतात, पाणी देतात, चपला देतात, आणि कोणी अंगावर आले तर दाबायला गजराचे छोटे यंत्र देतात. यांतल्या तीन स्वयंसेवकांना पोलिसांनी अटक केली. का? कोणीतरी हे गजर वाजवून मिरवणुकीतले घोडे बुजवणार आहे अशी खबर होती म्हणे! नगरपालिकेचा गणवेश अंगावर, काम पोलिसांच्याच सहकार्याने चाललेले, तरी ठाण्यात नेऊन कित्येक तास बसवले.

जरा थांबून या गोष्टीचा अर्थ पाहू. बाईने बलात्काऱ्यापासून वाचण्यासाठी करायचा आवाज, तो राजाच्या घोड्याला त्रासदायक म्हणून संशयित ठरला. तेही कोणत्या शहरात? जिथे मार्च २०२१ मध्ये सारा एव्हरार्ड या तरुणीचा खून नोकरीत असलेल्या पोलिसानेच केला होता, आणि तिच्यासाठी क्लॅफम मैदानात मेणबत्त्या घेऊन जमलेल्या बायकांना पोलिसांनी जमिनीवर दाबून बेड्या घातल्या होत्या. ती सभा योजणाऱ्या बायकांच्या हक्कांचा पोलिसांनी भंग केला, असा निर्णय उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये दिला. म्हणजे धडा मिळून वर्ष उलटले होते. तरी सोहळा आला की धडा विसरला जातो.

रीत जुनीच आहे

याच लंडनमध्ये १८ नोव्हेंबर १९१० रोजी मताचा हक्क मागणाऱ्या सुमारे तीनशे बायका पार्लमेंटकडे निघाल्या. पंजाबच्या महाराजा दुलीपसिंगांची मुलगी सोफिया त्यांत पुढे होती. सहा तास पोलिसांनी त्यांना ढकलले, मारले, त्यांच्या अंगाशी घाणेरडे चाळे केले. शंभरावर बायकांना अटक झाली. दुसऱ्या दिवशी गृहमंत्री चर्चिल यांनी जवळजवळ सगळे खटले काढून घेतले. दयाबुद्धीने? छे! खटला चालला असता तर बायकांनी कोर्टात साक्षी दिल्या असत्या. बायकांच्या जबान्या गोळा करून चौकशी मागितली गेली, ती चर्चिलनी नाकारली.

आणि सातच महिन्यांनी, १७ जून १९११ रोजी, पाचव्या जॉर्जच्या राज्याभिषेकाच्या आठवड्यात, त्याच बायकांची सुमारे चाळीस हजारांची मिरवणूक लंडनमधून निघाली. नटूनथटून, निशाणे घेऊन. तीत भारतीय बायकांचाही गट साडी नेसून चालला होता. ती मिरवणूक शांतपणे पार पडली, पोलिसांनी वाट करून दिली. सोहळ्यात शोभा म्हणून आलात तर वाट मोकळी. जाब विचारायला आलात तर अंगावर हात. बाईला सोहळ्यात जागा नाही असे नाही. ओवाळायला, कलश घ्यायला, स्वागतगीत म्हणायला तीच लागते. तिने फक्त बोलायचे नाही.

बंदोबस्त हवा, पण कशासाठी?

इथे कोणी शंका काढेल, आणि ती रास्त आहे. लाखो लोक जमतात, परदेशी पाहुणे येतात, बॉम्बची भीती असते, चेंगराचेंगरी होऊ शकते. पोलिसांनी काहीच करू नये का? करावे. झडती घ्यावी, रस्ते आखून द्यावेत, निदर्शकांना ठरावीक अंतरावर उभे करावे. शाहीनबागच्या निकालात ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निदर्शने नेमलेल्या जागी व्हावीत असे म्हटले, ते आपल्याला पटो न पटो. पण त्याच न्यायालयाने २३ जुलै २०१८ रोजी मजदूर किसान शक्ती संघटनेच्या याचिकेवर जंतरमंतरवरची सरसकट बंदी रद्द केली, तेव्हा असेही सांगितले की ज्यांच्याकडे गाऱ्हाणे न्यायचे त्यांच्या कानावर ते पडेल अशी जागा मिळाली पाहिजे.

तेव्हा कसोटी साधी आहे. पोलीस धोका अडवत आहेत की दृश्य अडवत आहेत? चाकू काढून घेतला तर धोका अडवला. फलक, काळी ओढणी, काळा झेंडा काढून घेतला तर दृश्य अडवले. काळ्या ओढणीने कोणाचा जीव जात नाही. तिने फोटो बिघडतो, एवढेच.

‘अटक नाही, ताब्यात घेतलंय’

आता आपल्या महाराष्ट्राकडे या. मंत्र्यांचा दौरा असला की आदल्या रात्री कार्यकर्त्यांच्या दारात पोलीस येतात, हे तुम्हाला नवे नाही. हातात नोटीस देतात, नाहीतर ‘साहेबांनी बोलावलंय’ म्हणून नेतात आणि ताफा जिल्ह्याबाहेर गेला की चहा पाजून सोडतात. ही हत्यारे कोणती आहेत ते नीट समजून घ्या.

एक, प्रतिबंधक नोटीस. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १४९ होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, तिच्यात ते कलम १६८ झाले. दोन, प्रतिबंधक अटक. जुने कलम १५१, आता १७०. दखलपात्र गुन्हा करण्याचा बेत असल्याचे पोलिसांना ठाऊक असेल आणि अटकेशिवाय तो थांबवणे शक्य नसेल, या दोन्ही गोष्टी असतील तरच ती करता येते. नाहीतर तो घटनेच्या कलम २१ आणि २२ चा भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली राजेंद्र सिंह पठानिया प्रकरणात स्पष्ट केले. आणि चोवीस तासांपलीकडे, दुसरा कायदेशीर आधार नसेल तर, ठेवता येत नाही. तीन, जमावबंदी. जुने १४४, आता १६३, आणि आपल्याकडचे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम ३७. चार, त्याच अधिनियमाची ६८ आणि ६९ ही जोडगोळी. वर्तमानपत्रात आपण नेहमी वाचतो, ‘६८ खाली ताब्यात घेतले, ६९ खाली सोडून दिले.’ पोलिसांची वाजवी सूचना मानली नाही तर बाजूला काढायचे आणि किरकोळ बाब असेल तर प्रसंग संपला की सोडायचे, असे हे कलम सांगते. बघा, कायद्यातच लिहून ठेवले आहे: कार्य पार पडेपर्यंत!

सगळी गोम इथे आहे. ज्या ताब्यानंतर खटलाच होत नाही, तो ताबा कोणत्याही न्यायाधीशासमोर येत नाही. आरोप नाही म्हणून निर्दोष सुटणे नाही. निर्दोष सुटणे नाही म्हणून पोलिसांना ठपका नाही. लंडनचे सोळा तास, दिल्लीचा एक दिवस, चर्चिलनी काढून घेतलेले खटले, सगळ्यांत हीच युक्ती आहे. सुटका ही मेहेरबानी वाटते. खरे तर सुटकेनेच पुरावा पुसला जातो.

आणि त्या काही तासांत बाईचे काय होते? घरी तान्हे मूल असते. रोजंदारी बुडते. पाळी आलेली असते आणि ठाण्यात बायकांच्या संडासाला कडी नसते. संध्याकाळी घरी गेल्यावर ‘पोलिसांनी नेली होती’ हा शिक्का गावात मारला जातो. पुरुष कार्यकर्ता सुटून आला की हार घालतात. बाई सुटून आली की घरचे दार लावून घेतात. म्हणून चार तासांचा ताबा बाईला चार तासांचा नसतो.

आपण काय करायचे?

१. ‘अटक आहे का?’ हा प्रश्न मोठ्याने विचारा. ‘नाही’ म्हणाले तर ‘मग मी जाते’ म्हणा. जाऊ दिले नाही तर ती अटकच आहे, नाव काही द्या. कारण विचारा (कलम ४७), नातेवाइकाला कळवायला लावा (४८), वकिलाला भेटायची मागणी करा (३८). ताब्यातल्या माणसाचे हे हक्क डी. के. बसू खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने बांधून दिले आहेत.

२. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्याने मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घेऊनच ती करता येते (कलम ४३). झडती बाईनेच आणि सभ्यतेने घ्यायची (४९). मात्र महिला पोलीस होती म्हणजे सगळे कायदेशीर झाले, असे मानू नका. तिच्यावर राग काढू नका, पण तिच्या बिल्ल्यावरचे नाव टिपून ठेवा. हुकूम देणाऱ्याचेही.

३. नोटीस आली तर ती वाचा, प्रत घ्या, लेखी उत्तर द्या. ‘आम्ही शांततेने निवेदन देणार आहोत’ एवढी एक ओळही पुढे कामाला येते. नोटीस म्हणजे घरात कोंडून ठेवण्याचा हुकूम नव्हे.

४. दोघी-तिघी बाहेर ठेवा. सगळ्या जणी पुढे गेल्या तर मागे लिहून घेणारी कोणी राहत नाही. कोणाला कुठल्या गाडीत, किती वाजता, कोणत्या ठाण्यात नेले, याची वही ठेवा. मुले कोणाकडे, औषधे कोणाची, हे आधी ठरवा.

५. सुटून आल्यावर काम संपले असे समजू नका. दुखापत असेल तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात नोंद करा. प्रत्येकीची जबानी तारीखवेळेसह लिहून घ्या. माहिती अधिकारात ठाणे दैनंदिनीतली नोंद मागा. प्रत्येक ठाण्यात कॅमेरे हवेत आणि चित्रण १८ महिने, निदान एक वर्ष तरी जपावे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितले आहे. तेव्हा ते चित्रण जपून ठेवण्याची लेखी मागणी लगेच करा. राज्य मानवी हक्क आयोगाकडे एका वर्षाच्या आत तक्रार करता येते. पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. यांतून लगेच न्याय मिळेल असे मी म्हणत नाही. पण कागद तयार होतो. पोलिसांना नको असतो तो नेमका हाच कागद.

शेवटी एक प्रश्न राहतो, आणि तो आपल्याच बैठकांत निघतो. सोहळ्याच्याच दिवशी निदर्शने कशाला? दुसरा दिवस नाही का? कुस्तीगीर दुसऱ्या दिवशीही बसल्या होत्या, तिसऱ्याही, तिसाव्याही. बाकीचे सगळे दिवस त्यांचेच होते, फक्त ऐकायला कोणी नव्हते. सोहळ्याच्या दिवशी सगळे घरी असतात, दिवे लागलेले असतात, पाहुण्यांचे लक्ष असते. म्हणूनच त्या दिवशी बोलायचे असते, आणि म्हणूनच त्या दिवशी तोंड दाबतात.

यापुढे कोणी म्हणाले, “कार्य पार पडू द्या,” तर आपण विचारू: कार्य कोणाचे? संसद आपली, रस्ते आपले, खर्च आपल्या पैशांचा. मग त्या मांडवात आपण पाहुण्या नाही आणि आश्रितही नाही. घरच्या आहोत. घरच्या बाईला बोलायला मुहूर्त लागत नाही.